पुण्याहून चेन्नईच्या ट्रॅकवर पहिला क्लब रेस वीकेंड: आरसी ३९० बाईक कशी न्यायची, काय तयारी करायची?

ब्रेकमार्कर
इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर दोन दिवसांचा क्लब इव्हेंट आहे. शनिवारी प्रॅक्टिस आणि क्वालिफायिंग, रविवारी रेस. गाडी केटीएम आरसी ३९०, टायर रोडचेच. गाडी रेल्वेने पाठवू की पिकअपने? स्क्रूटिनीला (रेसआधी होणाऱ्या गाडीच्या तपासणीला) काय अडतं? आणि तिथल्या उन्हात टायर प्रेशर किती ठेवायचं? जाणकारांनी नीट सांगा.

पॅडॉकस्टँड
पिकअपच करा. रेल्वे पार्सलला टाकी पूर्ण रिकामी लागते, पॅकिंग लागतं, आणि एवढं करूनही गाडी तुमच्याच ट्रेनला चढेल याची खात्री नसते. शुक्रवारी संध्याकाळी गाडी हातात नसेल तर वीकेंड गेलाच म्हणून समजा. दोघातिघांत एक बोलेरो पिकअप घेतलीत की खर्च वाटला जातो. अंतर साधारण ११५० किमी आणि जवळजवळ सगळा रस्ता एनएच ४८. सर्किटही त्याच हायवेलगत आहे.

बांधणीकडे मात्र जातीने लक्ष द्या. पुढचे रॅचेट पट्टे क्लिप-ऑनला (हँडलच्या दोन सुट्या दांड्यांना) अडकवू नका, ते फिरतात. खालच्या ट्रिपल क्लॅम्पभोवती (फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या भागाभोवती) सॉफ्ट लूप, म्हणजे कापडी पट्ट्याचा फास, घाला. फोर्क (पुढचं सस्पेन्शन) अर्धाच दाबा. पूर्ण दाबून हजार किलोमीटर नेलं तर ऑइल सील गळायला लागतात. मागे दोन पट्टे, गाडी पहिल्या गिअरमध्ये. आणि खंबाटकी ओलांडल्यावर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये ते हमखास सैल होतात.

लॉकवायर
स्क्रूटिनीबद्दल. इव्हेंटचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स (त्या इव्हेंटपुरते नियम) आधी वाचा, शेवटचा शब्द त्यांचाच. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं) लायसन्स लागणार असेल तर मेडिकल फॉर्मसकट ते काम काही आठवडे आधी उरका.

गाडीवरचे आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साइड स्टँड काढा. हेडलाइट काढा, नाहीतर टेपने पूर्ण झाका. ऑइल ड्रेन प्लग, फिलर कॅप आणि ऑइल फिल्टरचं कव्हर यांना ०.८ मिमी स्टेनलेस वायरने लॉकवायर करा, म्हणजे ते सुटू नयेत म्हणून तारेने बांधा. बोल्टच्या डोक्याला भोक पाडायला १ मिमीचा ड्रिल बिट लागतो आणि तो पटकन तुटतो, चार-पाच घेऊन ठेवा. वायरची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेने हवी. उलटी बांधलेली वायर बोल्ट सुटताना त्याला धरून ठेवत नाही, आणि स्क्रूटिनियर नेमकं तेच बघतो.

आरसीचा साइड स्टँड नुसता काढलात तर सेन्सरला स्टँड खालीच आहे असं वाटतं आणि गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. सेन्सरला चकवणारा बायपास डोंगल लावा आणि पुण्यातच गाडी चालवून बघा.

कूलंट पूर्ण काढून डिस्टिल्ड वॉटर भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की तेलासारखं निसरडं होतं आणि लवकर सुकत नाही. मागून येणाऱ्याचा जीव त्यात अडकलेला असतो, म्हणून इथे टाळाटाळ नको.

ब्रेकमार्कर
नुसत्या पाण्यावर चेन्नईत इंजिन उकळणार नाही का?

लॉकवायर
नाही. पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, आणि रेडिएटर कॅपच्या दाबामुळे ते १०० अंशांच्या वरच उकळतं. त्रास होतो तो प्री-ग्रिडवर (ट्रॅकवर सोडण्याआधी थांबायच्या जागी), इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर. सिग्नल मिळेपर्यंत बंद ठेवा. घरी आल्यावर कूलंट परत भरा, साध्या पाण्याने आतून गंज चढतो.

स्लिकनव्हे
टायर. पुण्यात थंड टायरला ठरवलेला आकडा तिथे चालणार नाही. सकाळी सावलीत पुढे-मागे ३० पीएसआयपासून सुरू करा. सेशन संपवून पिटमध्ये आलात की हेल्मेट काढायच्या आधी गेज लावा. पाच मिनिटं गेली तर आकडा खोटा. ४-५ पीएसआय वाढ ठीक आहे. त्याहून जास्त वाढलं तर टायर फार हलतोय, म्हणजे सुरुवातीचं प्रेशर कमी होतं. जेमतेम २ वाढलं तर सुरुवात जास्त होती. दुपारी डांबर ५० अंशांच्या पुढे जातं, त्यामुळे सकाळचं प्रेशर दुपारी पुन्हा तपासल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि दोन्ही दिवस एकच गेज वापरा.

सर्किट ३.७१७ किमीचं, घड्याळाच्या दिशेने जाणारं. उजवी वळणं जास्त असल्याने टायरची उजवी बाजू आधी तापते. पहिल्या लॅपला डाव्या वळणांत घाई नको.

पॅडॉकस्टँड
टायरबद्दल सहमत, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला आधी ब्रेक दगा देतात. निघण्याआधी ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला, ताज्या सीलबंद बाटलीतलं. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५, म्हणजे जुनं फ्लुइड जवळजवळ निरुपयोगी. शनिवारी लीव्हर हँडलकडे जास्त जायला लागला तर संध्याकाळी ब्लीड करा (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढा). पॅड ३ मिमीच्या खाली असतील तर रविवारी नवे घाला, मात्र पहिल्या दोन लॅप हळू मारून ते बसू द्या.

पेट्रोल: वीस मिनिटांच्या सेशनला साधारण ८ लॅप, म्हणजे ३० किमी. फुल थ्रॉटलवर १२ चं मायलेज धरलं तर अडीच लिटर. दिवसाला पाच सेशन धरून १५ लिटर ठेवा, धातूच्या कॅनमध्ये. प्लास्टिकच्या कॅनमध्ये बरेच पंपवाले देत नाहीत.

सुट्या भागांत क्लच आणि पुढच्या ब्रेकचा लीव्हर, गिअर लीव्हर, दोन्ही फूटपेग, एक क्लिप-ऑन, चेनचा मास्टर लिंक, मूठभर एम६ बोल्ट, झिप टाय. टॉर्क रेंच विसरू नका. आवळलेल्या प्रत्येक नटवर पेंट मार्करची रेघ मारा, म्हणजे नट फिरला तर लांबूनही दिसतो.

गाडी पडली तर उचलून लगेच ट्रॅकवर परत जाऊ नका. थ्रॉटल सोडला की झटकन बंद होतो का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, तेल किंवा पाणी गळतंय का, हे बघा. थ्रॉटलमध्ये वाळू गेली तर तो उघडाच अडकतो. काळ्यावर नारिंगी गोलाचा झेंडा तुमच्या नंबरसह दिसला तर गाडीत बिघाड आहे असा अर्थ. त्याच क्षणी रेसिंग लाइन (सगळे ज्या मार्गाने वेगात जातात ती) सोडून ट्रॅकच्या बाहेर पडा. पिटपर्यंत रेटायचं नाही.

स्लिकनव्हे
ओआरएस राहिलं. लेदर सूटमध्ये घाम प्रचंड जातो. प्रत्येक सेशननंतर अर्धा लिटर, तहान नसली तरी.