एअरबॅगचा दिवा विझत नाही: बिघाड नेमका कुठे शोधावा?

दापोलीकर:

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती मी तिच्या पहिल्या मालकाकडून विकत घेतली. चालकासाठी एक आणि शेजारच्या प्रवाशासाठी एक अशा समोरच्या दोन एअरबॅग तिच्यात आहेत, बाजूच्या एअरबॅग नाहीत. काही आठवड्यांपूर्वी मीटरमधील एअरबॅगचा तांबडा दिवा अधूनमधून लागू लागला. गाडी मागेपुढे करून वळवताना तो हमखास लागत असे आणि पुढे सरळ रस्त्याला लागल्यावरही तसाच राहत असे. आता तो कायमचाच लागलेला असतो. त्याच सुमारास हॉर्नही लहरीपणे वागू लागला आहे. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलेले असेल, तर तो बहुधा वाजत नाही.

अलीकडे गाडीची दोन कामे झाली आहेत. पावसाळ्यात स्टिअरिंग रॅक, म्हणजे पुढची चाके वळवणारा भाग, उतरवून दुरुस्त करून घेतला आणि त्यानंतर सजावटीच्या एका दुकानात पुढच्या सीट काढून खाली मॅट बसवून घेतली. दिवा मॅट बसवल्यानंतर लागू लागला, त्यामुळे माझा संशय त्या कामावर आहे.

एका कार्यशाळेत स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसून दिला, पण घरी परतेपर्यंत दिवा पुन्हा लागला. तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवरील संपूर्ण एअरबॅग बदलण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या ठिकाणी तर "एक छोटा रेझिस्टर जोडून देतो, दिवा जाईल" असे सांगण्यात आले. या गाडीतून माझे आईवडील आणि मुले नेहमी घाट ओलांडून प्रवास करतात, म्हणून मला दिवा घालवण्यापेक्षा एअरबॅग खरोखर काम करील याची खात्री हवी आहे. दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का आणि बिघाडाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवाट:

दापोलीकर, मॅटच्या कामावर आपण घेतलेला संशय निराधार नाही. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे किंवा पिवळ्या पट्टीचे कपलर, म्हणजे तारा जोडणारे खटके, असतात. सजावटीच्या दुकानात सीट काढताना ते सोडवले जातात आणि बसवताना त्यांची खिट्टी पूर्ण बसली की नाही, हे पाहण्याची तसदी बरेचदा कोणी घेत नाही. कपलर सुटा असताना कोणी नुसती चावी फिरवली, तरी एअरबॅगच्या नियंत्रण पेटीत दोषाची नोंद होते. पुष्कळ गाड्यांमध्ये ही नोंद कपलर पुन्हा जोडल्यावर आपोआप पुसली जात नाही. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते, आणि कपलर नीट दाबून बसवल्यावर व कोड पुसल्यावर दिवा पुन्हा लागला नाही.

बॅटरी जुनी झाली असेल, तर तीही तपासून घ्यावी. व्होल्टेज फार खाली गेले की काही गाड्यांमध्ये त्याचीही नोंद होऊन हा दिवा लागतो.

वाहनविद्युत:

नमस्कार. मी व्यवसायाने वाहनांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम सुरक्षिततेविषयी. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागतो आणि तेवढ्या अवधीत नियंत्रण पेटी प्रत्येक एअरबॅगचे आणि बेल्ट ताणणाऱ्या प्रीटेन्शनरचे सर्किट तपासून घेते. सर्व ठीक असेल, तर दिवा विझतो. गाडी चालू असतानाही ही तपासणी सुरूच राहते. दिवा कायम राहिला, याचा अर्थ निदान एक सर्किट पेटीला पटलेले नाही. अशा वेळी काही गाड्यांमध्ये फक्त तेवढेच सर्किट निकामी ठरते, तर काहींमध्ये सगळीच यंत्रणा बंद ठेवली जाते. बाहेरून हे कळत नाही, म्हणून अपघातात एकही एअरबॅग उघडणार नाही असेच धरून चालावे. सीटबेल्टचे झटक्याने अडकणे मात्र यांत्रिक असते आणि ते या बिघाडातही चालू राहते. दुरुस्ती होईपर्यंत प्रवास टाळता येत नसेल, तर पुढे आणि मागे बसलेल्या प्रत्येकाने बेल्ट लावावा. मुलांना मागच्याच सीटवर बसवावे.

आता बिघाडाविषयी. घाटवाट यांनी सांगितलेले कारण आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये वारंवार आढळते. परंतु आपण दिलेली लक्षणे वेगळ्या दिशेने बोट दाखवतात. सीटखालचा कपलर सैल असता, तर दिवा खड्ड्यांत किंवा सीट मागेपुढे सरकवताना लागला असता. स्टिअरिंग वळवण्याशी आणि हॉर्नशी त्याचा काही संबंध नसता. एअरबॅग आणि हॉर्न या दोहोंच्या तारा एकत्र जातात ती जागा एकच आहे, आणि ती म्हणजे स्टिअरिंग चाकामागची क्लॉक स्प्रिंग. प्लास्टिकच्या गोल डबीत गुंडाळलेली ही चपटी, लवचिक तारांची पट्टी चाकाबरोबर सैल आणि घट्ट होत राहते, त्यामुळे चाक कितीही फिरले तरी जोडणी तुटत नाही. पट्टीतील एखादी तार चिरली, की चाक एका बाजूला असताना ती टेकते आणि दुसऱ्या बाजूला गेल्यावर सुटते. आपला हॉर्न उजवीकडे वळवल्यावरच गप्प होतो, ते यामुळे असावे.

आपण ओझरता उल्लेख केलेले स्टिअरिंग रॅकचे काम मला मॅटपेक्षा महत्त्वाचे वाटते. रॅक उतरवताना स्टिअरिंगचा दांडा खालून सोडवावा लागतो. तो सुटल्यावर चाक बांधून ठेवले नाही, तर ते मोकळे फिरते. क्लॉक स्प्रिंगला दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे मिळालेले असतात. चाक मोकळे फिरून दांडा चुकीच्या फेऱ्यावर जोडला गेला, तर नंतर पूर्ण वळणावर पट्टी ताणली जाते. ती लगेच तुटतेच असे नाही, काही आठवडे चिरत जाते आणि मग त्रास सुरू होतो. दिवा मॅटच्या कामानंतर लागला, हा बहुधा योगायोग असावा.

तथापि लक्षणांवरून कोणताही भाग विकत घेऊ नये. आधी एअरबॅगच्या पेटीशी बोलणाऱ्या स्कॅनरवर कोड वाचून घ्यावा आणि तो कागदावर लिहून मागावा. मोबाइलला जोडण्याचे स्वस्त उपकरण बहुधा इंजिनचेच कोड दाखवते, एअरबॅगचे दाखवत नाही. तसेच तो दोष या क्षणी हजर आहे की केवळ जुनी नोंद उरली आहे, हेही विचारावे. कार्यशाळेने न सांगता कोड पुसला, यामुळे हातातला पुरावाच गेला.

दापोलीकर:

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार. आज दुसऱ्या ठिकाणी कोड वाचून घेतला. चालकाच्या एअरबॅगच्या सर्किटचा विद्युत रोध प्रमाणाबाहेर जास्त असल्याचा एकच कोड आला असून दोष हजर असल्याचे यंत्राने दाखवले. सीटखालचे कपलर घट्ट आहेत. तंत्रज्ञ मात्र पुन्हा एअरबॅग बदलण्याविषयीच बोलत आहेत. कोडमध्ये एअरबॅगचे नाव असताना दोष एअरबॅगमध्येच आहे, असे का मानू नये? आणि मल्टिमीटरने एअरबॅग थेट तपासता येईल का?

वाहनविद्युत:

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी निगडित आहे. एअरबॅगच्या टोकांना मल्टिमीटर कधीही लावू नये. मीटर रोध मोजताना स्वतःचा थोडा विद्युतप्रवाह सोडतो आणि एअरबॅग फुगवणारा प्रज्वलक पेटवण्यासाठी लहानसा प्रवाहही पुरेसा ठरू शकतो. चाचणी दिवा लावणे तर त्याहून धोक्याचे आहे. हे काम घरी करण्यासारखे नाही. मी पुढे जे लिहितो आहे, ते तंत्रज्ञाने काय करायला हवे हे आपल्याला समजावे म्हणून लिहितो आहे.

कोड सर्किटचे नाव सांगतो, भागाचे सांगत नाही. पेटीपासून निघालेली वायर, तिचा स्टिअरिंगखालचा कपलर, क्लॉक स्प्रिंग, चाकातला कपलर आणि शेवटी एअरबॅग, एवढी साखळी त्या एका नावाखाली येते. रोध जास्त म्हणजे या साखळीत कुठेतरी जोडणी तुटली आहे. कुठे, ते शोधण्यासाठी एअरबॅगच्या जागी प्रज्वलकाइतक्याच, म्हणजे सुमारे दोन ओहमच्या रोधाचा तात्पुरता जोड लावून पाहतात.

त्यासाठी चाके सरळ ठेवून चावी बंद करावी, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. पेटीतील विद्युतभार साठवणारे कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही काही काळ भारित राहतात, म्हणून ही प्रतीक्षा टाळता येत नाही. पुस्तिकेत बहुधा एक ते तीन मिनिटे सांगितलेली असतात. मी त्याहून अधिक थांबतो. मग एअरबॅग चाकावरून उतरवून तिची आवरणाची बाजू वर येईल अशी, माणसांपासून दूर ठेवावी. पालथी ठेवली आणि उघडली, तर ती स्वतःच उडेल.

आता रोधाचा जोड प्रथम चाकातल्या कपलरला लावून कोड पुसावा आणि पुन्हा वाचावा. दोष गेला, तर एअरबॅग किंवा तिचा कपलर संशयित ठरतो. दोष तसाच राहिला, तर एअरबॅग निर्दोष आहे. तेव्हा बॅटरी पुन्हा काढून तोच जोड क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या बाजूला लावावा. तेथे दोष गेला, तर बिघाड क्लॉक स्प्रिंगचा, आणि तेथेही न गेल्यास वायरिंगचा किंवा पेटीचा. उंदरांनी कुरतडलेली वायर या शेवटच्या प्रकारात सापडते, आणि कोकणात तर ती शक्यता विसरून चालणार नाही. काही गाड्यांमध्ये चालकाच्या एअरबॅगला दोन टप्पे, म्हणजे दोन स्वतंत्र सर्किटे असतात. तसे असेल, तर दोन्हींना जोड लावावा लागतो.

आपल्याला दुसऱ्या ठिकाणी देऊ केलेला रेझिस्टर हाच. तपासणीत तो योग्य साधन आहे, आणि कायमचा ठेवला तर प्राणघातक फसवणूक आहे. पेटीला सर्किट पूर्ण दिसते, दिवा शहाण्यासारखा विझतो आणि टक्कर झाल्यावर पेटीने सोडलेला प्रवाह त्या रेझिस्टरमधून निघून जातो. गाडी जुनी घेतलेली असल्यामुळे एअरबॅग उतरवलेली असताना ती खरोखर आत आहे ना, हेही आपण डोळ्यांनी पाहून घ्यावे. अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर खर्च वाचवण्यासाठी नुसते आवरण चिकटवून विकलेल्या गाड्या माझ्यासमोर आलेल्या आहेत. चावी फिरवल्यावर दिवा एकदाही न लागणे हेही तितकेच संशयास्पद समजावे.

जुनी_गाडी:

या निमित्ताने एक शंका विचारतो. माझी गाडी २००९ ची आहे आणि तिचा एअरबॅगचा दिवा व्यवस्थित लागून विझतो. म्हणजे टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगविषयी जे ऐकतो, त्याची मला काळजी करण्याचे कारण नाही, असे समजावे का?

वाहनविद्युत:

नाही, तसे समजू नये. दिवा केवळ विद्युत सर्किट तपासतो. टकाटाच्या त्या एअरबॅगमधला दोष इन्फ्लेटरमधल्या, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या डबीतल्या, स्फोटक पदार्थात होता. अमोनियम नायट्रेटवर आधारलेला तो पदार्थ वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने खराब होतो, मग प्रमाणाबाहेर वेगाने जळतो आणि धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. सर्किट शाबूत असल्यामुळे दिव्याला यातले काहीच कळत नाही. या प्रकरणात जगभर कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही अनेक गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवाकेंद्रात चासी क्रमांक देऊन तपासून घ्यावे. आपली गाडी त्या यादीत असेल, तर इन्फ्लेटर विनामूल्य बदलून मिळतो. किनारपट्टीवर राहत असाल, तर हे पुढे ढकलू नका.

दापोलीकर:

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो. आपले उत्तर छापून नेले होते. तंत्रज्ञाने ते शांतपणे वाचले आणि माझ्यासमोर त्याच क्रमाने तपासणी केली. चाकातल्या कपलरला जोड लावल्यावर कोड तसाच राहिला आणि क्लॉक स्प्रिंगखाली लावल्यावर गेला. एअरबॅग मूळचीच असून तिला काहीही झालेले नाही. जुनी क्लॉक स्प्रिंग उघडून पाहिली, तेव्हा पट्टी एका टोकाशी दुमडून चिरलेली दिसली.

नवीन क्लॉक स्प्रिंग मूळ कंपनीचीच घेतली. ती मध्यावर ठेवणारी खीळ चाके सरळ करून बसवल्यानंतरच काढली. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत हळूहळू फिरवून पाहिले. बॅटरी जोडताना आणि पहिल्यांदा चावी फिरवताना आत कोणी बसले नव्हते. दिवा लागला, काही सेकंदांनी विझला आणि स्कॅनरवर एकही कोड उरला नाही. हॉर्न आता दोन्ही बाजूंच्या पूर्ण वळणावर वाजतो. एकूण खर्च एअरबॅगच्या सांगितलेल्या किमतीच्या लहानशा हिश्शात भागला.

एक गोष्ट राहिली. नवीन भाग बसवल्यापासून सरळ जातानाही स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेले दिसते. हे त्याच कामामुळे झाले असावे का?

वाहनविद्युत:

उत्तम झाले. चाक कललेले दिसते, ते दांड्यावर एक दात पुढेमागे बसले असावे, किंवा रॅकच्या कामानंतर रस्त्यावरच्या चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे त्यांचे कोन जुळवणे, झाले नसावे. आधी अलाइनमेंट मोजून घ्यावे. ते बरोबर असेल, तर चाक उतरवून एक दात सरकवावे लागेल, आणि त्यासाठी एअरबॅग पुन्हा काढावी लागते. म्हणून बॅटरी काढणे आणि थांबणे हे सगळे तेव्हाही तसेच करायला सांगावे. आपल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असेल, तर त्याचा शून्यबिंदूही त्याच वेळी स्कॅनरवरून लावून घ्यावा.