आजोबा युरेनसवर किती वर्षांचे?

मधुरा_सातारा
माझ्या सासऱ्यांचा जन्म नोव्हेंबर १९४१ चा. परवाच त्यांना ८४ पूर्ण झाली. पाचवीतल्या लेकीनं वाचलं की युरेनसचं एक वर्ष म्हणजे आपली ८४ वर्षं, तेव्हापासून ती घरभर सांगत सुटलीये की आजोबा तिथे आत्ता एक वर्षाचे झाले. हे बरोबर आहे का? आणि त्या एका वर्षात दिवस किती? तिथे पाय ठेवायला जमीनच नाही म्हणतात, मग ग्रह स्वतःभोवती फिरला हे कशावरून मोजतात?

निवृत्त_भूगोल
मधुराताई, लेकीचं बरोबर आहे. तिथलं वर्ष ८४ वर्षं आणि वर काही दिवसांचं, म्हणजे आजोबांचा तिकडचा पहिला वाढदिवस याच दिवसांत येतो.

युरेनस सूर्यापासून पृथ्वीच्या १९.२ पट लांब आहे. केप्लरचा नियम असा की अंतराचा घन करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. घन येतो ७,०७८ च्या आसपास, वर्गमूळ ८४. हे तिला स्वतः कॅल्क्युलेटरवर करू द्या. उत्तर आपल्या हातून निघालं की ते कायमचं लक्षात राहतं, हे मी वर्गात फार पाहिलंय. वाट लांब आहेच, शिवाय चालही मंद: पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, युरेनस जेमतेम ७.

स्वतःभोवतीची फेरी मात्र झटपट होते, १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंदांत. त्या हिशेबानं वर्षाला सुमारे ४२,७०० फेऱ्या.

मोजायचं कसं, हा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. ढग पाहून उपयोग नाही, ते वेगवेगळ्या अक्षांशांवर वेगवेगळ्या वेगानं पळतात. चुंबकीय क्षेत्र मात्र ग्रहाच्या पोटातून येतं आणि त्याच्याबरोबरच फिरतं. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर २ हे यान जवळून गेलं, तेव्हा त्यावरून १७ तास १४ मिनिटं २४ सेकंद हा आकडा मिळाला. पण त्यातली किंचितशी चूक फेरीगणिक साठत गेली आणि दोनेक वर्षांतच चुंबकीय ध्रुव नेमका कुठे आहे हे सांगता येईना. पुढे हबल दुर्बिणीनं २०११ ते २०२२ या काळात तिथले चुंबकीय ध्रुवांभोवतीचे ध्रुवीय प्रकाश टिपले. त्यावरून २०२५ मध्ये दिवसाचं मोजमाप २८ सेकंदांनी लांबलं!

चकोर_दापोली
सर, फेरी आणि उजेड-अंधाराचा दिवस तिथे एकच का? युरेनस आडवा पडून फिरतो ना?

निवृत्त_भूगोल
नेमकं बोललात. अक्ष जवळजवळ ९८ अंश कललेला आहे. त्यामुळे ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. ध्रुवच कशाला, साताऱ्याच्या अक्षांशावरसुद्धा सलग सात-आठ वर्षं सूर्य मावळणार नाही, आणि अर्ध्या वर्षानंतर, म्हणजे आपल्या ४२ वर्षांनी, तितकाच काळ उगवणार नाही. विषुवदिनाच्या सुमारास तेवढं आपल्यासारखं चालतं: साडेआठ तास दिवस, साडेआठ तास रात्र. असा विषुवदिन डिसेंबर २००७ मध्ये होऊन गेला. तेव्हा मधुराताई, लेकीला ४२,७०० फेऱ्या म्हणून सांगा. सूर्योदय त्याहून बरेच कमी होतील.

मधुरा_सातारा
सर, खूप आभार. वर्गमूळ काढून झालं, आता तिला तो ग्रहच बघायचाय. दिसेल का?

निवृत्त_भूगोल
दिसेल, आणि हाच महिना उत्तम, कारण २१ नोव्हेंबर २०२५ ला तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतोय. रात्री नऊनंतर गावाबाहेर अंधारात जा, साधी १०×५० ची द्विनेत्री पुरे. कृत्तिकांचा पुंजका शोधा, युरेनस त्याच्या थोडा दक्षिणेला आहे. नुसत्या डोळ्यांना जेमतेम, द्विनेत्रीतून मात्र ताऱ्यासारखा ठिपका दिसेल. शेजारच्या ताऱ्यांत कोणता तो, हे मोबाइलवरच्या नकाशावरून ताडून घ्या. आजोबांना नक्की न्या. १९४१ च्या नोव्हेंबरातही तो कृत्तिकांच्याच जवळ होता. सूर्याभोवतीची फेरी पूर्ण झाली म्हणजे काय, हे आजोबांनी नातीला तिथेच उभं राहून सांगावं. थंडी आहे, कानटोपी विसरू नका.