दुसऱ्या स्लीपर गाडीच्या कर्जाला जामीन राहण्यापूर्वी हिशेब तपासून हवा आहे (अंबाजोगाई–पुणे)

सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाई तालुक्यात शिक्षक आहे. माझे थोरले बंधू तीन वर्षांपासून अंबाजोगाई ते पुणे मार्गावर ३० बर्थची वातानुकूलित स्लीपर गाडी चालवतात. आता त्यांना दुसरी गाडी घ्यायची असून, ४० लाखांच्या कर्जाला जामीनदार म्हणून माझी सही हवी आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे समजल्यावर मी दादांची वही मागून घेतली आणि सुट्टीत बसून एका साधारण महिन्याचा हिशेब मांडला. दादांनी वही मोकळ्या मनाने दिली, हे आवर्जून सांगतो.

गाडी रोज रात्री एका बाजूने धावते. महिन्याला २८ फेऱ्या आणि गावातल्या फिरण्यासह एका फेरीचे ३२५ किलोमीटर धरले, तर ९,१०० किलोमीटर होतात. ॲव्हरेज चारचे पडते, म्हणून ९१ रुपये दराने डिझेलचे २,०७,००० रुपये झाले. दोन चालक आणि क्लीनर यांचा पगार व भत्ता ६५,०००, टोल व पार्किंग ३०,००० आणि दुरुस्ती व सर्व्हिसिंग २५,००० रुपये. जमेच्या बाजूला सरासरी ६५ टक्के भारमान (भरलेल्या बर्थचे प्रमाण), म्हणजे ५४६ प्रवासी. जीएसटी वजा जाता सरासरी ७५० रुपये तिकीट. त्यातून एजंट आणि ऑनलाइन बुकिंगचे ११ टक्के कमिशन गेल्यावर ३,६४,५०० रुपये उरतात. पार्सलचे ३५,००० रुपये मिळवून एकूण जमा ३,९९,५०० होते. खर्च वजा जाता ७२,५०० आणि ६२,००० रुपयांचा हप्ता भरल्यावर १०,५०० रुपये हातात राहतात. वही इथेच थांबते आणि दादा या रकमेला नफा म्हणतात.

परंतु विमा, वाहन कर, पासिंग आणि परवान्याचे मिळून वर्षाला सुमारे तीन लाख रुपये एकदम भरावे लागतात, आणि ते दरवर्षी वहिनींच्या भिशीतून किंवा सोयाबीनच्या पैशांतून भरले गेले आहेत. त्यांचे महिन्याला २५,००० आणि टायरच्या झिजेचे १६,००० धरले, तर १०,५०० रुपयांच्या शिलकीच्या जागी ३०,५०० रुपयांची तूट दिसते. शेत गाडीला पोसत आहे, हे घरात कोणाच्याच लक्षात आलेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

माझ्या गणिताने ही तूट भरून काढायला भारमान ७० टक्क्यांच्या थोडे वर जायला हवे. पण प्रवाशांच्या सामानापलीकडे व्यापारी माल नेल्यास परिवहन विभाग दंड करतो, त्यामुळे पार्सलच्या उत्पन्नावर कर्ज उभे करणे मला योग्य वाटत नाही. ते वगळल्यास ७७ टक्के भारमान लागते. दादांचे म्हणणे असे की दिवाळी आणि मे महिना सगळे भरून काढतात. वहीत मात्र असे दिसते की दिवाळीपूर्वी पुण्याहून येणारी गाडी खच्चून भरते आणि जाणारी जवळपास रिकामी जाते. भाऊबीजेनंतर याच्या उलट होते. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार खाजगी गाड्यांना एसटीच्या दीडपटीपर्यंतच भाडे घेता येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाल्यामुळे आमच्या मार्गावरचे महिला प्रवासीही कमी झाले, असे चालक सांगतात.

अहिल्यानगर ते बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली आहे आणि पुढे परळीपर्यंतचे काम चालू आहे. परळी आमच्यापासून जवळ आहे आणि नवे कर्ज पाच वर्षांचे, सुमारे ८९,००० रुपये हप्त्याचे आहे. या मुदतीत रेल्वे परळीला पोहोचली, तर रात्रीच्या स्लीपरचे किती प्रवासी तिकडे वळतील, याचा अंदाज अनुभवी माणसेच देऊ शकतील.

या व्यवसायातील मंडळींना आणि लेखापालांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील बाबींवर मार्गदर्शन करावे. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नसून घसारा, म्हणजे वापराने गाडीच्या किमतीत दरवर्षी होणारी घट, हा खर्च आहे, असे मला वाटते. मग मार्गाचा नफा ठरवताना मी मुद्दल सोडून घसारा धरावा का? आयकरासाठी भाड्याने चालणाऱ्या बसला ३० टक्के घसारा मिळतो, पण जुनी स्लीपर विकताना बाजारात प्रत्यक्ष किती किंमत येते? पूर्ण हिशेब न ठेवता ठोक उत्पन्न धरून आयकर भरू देणारे, मालवाहू गाड्यांसाठीचे कलम ४४एई बसला लागू होत नाही, तेव्हा आमच्यासारख्या एका गाडीच्या मालकाने पूर्ण हिशेबपुस्तके ठेवणे फायद्याचे आहे का? पितृपक्षासारख्या मंदीच्या काळात गाडी उभी ठेवून आरटीओला आगाऊ सूचना दिली, तर करात जी सवलत मिळते, ती बुडालेल्या फेऱ्यांच्या मानाने परवडते का?

दुसरा पर्यायही मनात आहे. नवी स्लीपर न घेता एखादी जुनी साधी बस घेऊन ती वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामगारांच्या ने-आणीला लावावी. तिथे रक्कम ठरलेली असते, पण बिले दोन-दोन महिने अडकतात असे ऐकले आहे. तोपर्यंत डिझेल आणि पगार कशातून भागवता, हे असे काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावे.

कर्जाची कागदपत्रे पुढच्या सोमवारी द्यायची आहेत. दादांचे मन न दुखवता हे आकडे त्यांच्यासमोर ठेवायचे आहेत, म्हणून माझ्या मांडणीत कुठे चूक असेल, तर ती त्याआधी दाखवून द्यावी.