सोलापुरी चादरींचे संकेतस्थळ गुगलवर मागे का पडते?

प्रश्न: अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा चादरी आणि टॉवेलांचा कारखाना आहे. मागील वर्षी संकेतस्थळ करून घेतले. परंतु ‘सोलापुरी चादर’ असे शोधल्यास ते पहिल्या तीन पानांतही दिसत नाही आणि मोबाईलवर उघडण्यास फार वेळ लागतो. कोठून सुरुवात करावी?

उत्तर: आपले संकेतस्थळ तपासले. मुखपृष्ठावरील मोराच्या नक्षीच्या चादरीचे छायाचित्र कॅमेऱ्यातून निघाले तसेच, ६ एमबीचे चढवले आहे. पानावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, हा गुगलचा निकष असल्यामुळे ते छायाचित्र मोबाईलच्या रुंदीचे करून वेबपी या कमी एमबीत मावणाऱ्या चित्र-स्वरूपात द्यावे. लेझी लोडिंग (वाचक तिथवर पोहोचल्यावरच छायाचित्र उतरवणे) मात्र खालच्या छायाचित्रांनाच लावावे. पहिल्याला लावल्यास ते आणखी उशिरा उमटते.

उत्तर: वरील सूचना योग्यच आहे, तथापि केवळ वेगाने क्रमांक वर येत नाही. आपल्या प्रत्येक पानाचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’ असेच आहे, आणि सूत, माप, वजन ही गिऱ्हाईक नेमकी शोधते ती माहिती चित्रात कोरलेली आहे. ती मजकूर म्हणून लिहावी. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत पोहोचतात, हे सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या साधनात विनामूल्य दिसते; ‘डबल बेड चादर घाऊक दर’ अशा नेमक्या शोधांसाठी स्वतंत्र पाने करणे मला अधिक फलदायी वाटते.

प्रश्नकर्ता: दोघांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्र आजच बदलले, पान लगेच उघडते. शीर्षके उद्यापासून लिहायला घेतो.

उत्तर: बदलांनंतर सर्च कन्सोलमधून साइटमॅप (संकेतस्थळावरील पानांची यादी) पुन्हा सादर करावा. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, तोवर शीर्षके वारंवार बदलू नयेत.