पाथर्डी फाट्याजवळचे जुने रो हाऊस घ्यावे का?

दारचा शेवगा:
नमस्कार. आम्ही पती-पत्नी, मुलगी आणि माझे आई-वडील असे पाच जण नाशिकमध्ये कॉलेज रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पाथर्डी फाट्यापासून वडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, आठ घरांच्या ओळीतील कडेचे, सुमारे 15 वर्षांचे रो हाऊस पाहिले आहे. खाली बैठक, स्वयंपाकघर व एक खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची. गुडघेदुखीमुळे वडिलांना जिना नको असल्याने खालची खोली हे आमच्यासाठी मोठे आकर्षण आहे. एजंटच्या म्हणण्याप्रमाणे सगळे पाच मिनिटांवर आहे, मात्र ही पाच मिनिटे मध्यरात्रीची असावीत. रोजच्या राहण्यासाठी परिसर कसा आहे आणि कागदपत्रांत काय तपासावे?

फाट्यावरचा:
किराणा, भाजी, औषधे आणि दवाखाने यांसाठी इंदिरानगरपर्यंत सगळे मिळते, त्यामुळे ती काळजी नको. वडिलांना सपाटीवर फिरायचे असेल तर पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक जवळ आहे. लेण्यांच्या पायऱ्या मात्र त्यांच्यासाठी नाहीत. खरी परीक्षा अंबड औद्योगिक वसाहतीची पाळी सुटते तेव्हा फाट्यावर होते, म्हणून घर रविवारी दुपारी न पाहता कामाच्या दिवशी संध्याकाळी पाहावे. महापालिकेचा कचऱ्यापासून खत करणारा प्रकल्पही याच पट्ट्यात असल्याने, वारा कोणत्या दिशेने वाहतो आणि घरापर्यंत वास येतो का, हे शेजाऱ्यांनाच विचारावे. नळाला पाणी किती वाजता व किती वेळ येते, हेही त्यांच्याकडूनच कळेल. सिटीलिंकची (शहर बससेवेची) बस आहे, पण तुमच्या गल्लीपासून थांबा किती दूर पडतो ते स्वतः चालून पाहावे.

दस्त-वाचक:
माझ्या मते परिसरापेक्षा जमिनीचा प्रश्न मोठा आहे. रो हाऊस म्हटले की लोक स्वतंत्र प्लॉट गृहीत धरतात. प्रत्यक्षात नाशिकमध्ये अनेक रो हाऊस 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली विकलेली आहेत, ज्यात घर तुमचे असले तरी जमिनीत केवळ अविभक्त हिस्सा, म्हणजे वेगळा मोजून न दिलेला सामाईक वाटा मिळतो. अशा वेळी वर मजला चढवायचा झाल्यास इतर मालकांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि घोषणापत्र (मिळकत या अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा दस्त) यांच्या प्रती मागाव्यात व मालकी हक्काचा 30 वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून करून घ्यावा. मंजूर नकाशा हातात घेऊन घर मोजावे, कारण मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकून केलेले स्वयंपाकघर नकाशात बहुधा नसते. खरेदी केवळ पत्नीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हेही लक्षात असू द्यावे.

काळी माती:
कडेचे घर असल्याने एक बाजू मोकळी मिळते; पण ती पश्चिमेकडे असेल तर भिंत उन्हात तापते आणि पावसात ओल धरते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून जोत्याजवळच्या आणि सामाईक भिंतीवरच्या तिरक्या भेगा पाहाव्यात. नुकताच रंग दिलेला असेल तर अधिकच बारकाईने पाहावे.

दारचा शेवगा:
सर्वांचे आभार. आजच मालकाकडून खरेदीखताची प्रत घेतली. त्यात ‘अपार्टमेंट’ हाच शब्द आहे, आणि घराला गेल्याच महिन्यात रंग दिलेला आहे. घोषणापत्राची प्रत हाती येईपर्यंत विसार देणार नाही.