नकाशात भिंत, खड्ड्यात नुसता चुना

जुन्या बागेच्या उत्खननात पहिल्यांदाच काम करतोय. नकाशात कुंपणभिंत आहे, पण खड्ड्यात चुन्याच्या भुग्याचा सरळ पट्टा. दगड एकही नाही! भिंत गेली कुठे?

— तीच तुमची भिंत. दगड कुणीतरी उपसून नेले, त्यांवरून खरवडलेला चुना मागे उरलेल्या चरातच टाकला. कडा खुरपीने साफ करा, पायाची रुंदी मिळेल. चरातली माती वेगळी ठेवा. त्यातलं खापर भिंतीचं नव्हे, चोरीचं वय सांगतं.

— गाळही घाईने उपसू नका. आग्र्याच्या मेहताब बागेत यमुनेच्या गाळाखालीच 25 कारंज्यांचा अष्टकोनी हौद निघाला होता.

— आभार. उन्हात कडा दिसेनात, पाणी शिंपडल्यावर उमटल्या. रुंदी सव्वादोन फूट!