मॉरिस मायनरचा पेट्रोल पंप: दुरुस्त करू की बदलून टाकू?

कोथरूडची_मायनर
नमस्कार मंडळी. आजोबांची १९५७ची मॉरिस मायनर आहे आमच्याकडे, ९४८ सीसीवाली, महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढतोच. गेल्या रविवारी आईबाबांना घेऊन वाईला निघालो होतो आणि खंबाटकी चढताना गाडीने दोन गचके दिले आणि बंदच पडली. एरवी किल्ली फिरवली की पंप टिकटिकटिक वाजतो, मग हळू होत थांबतो, तो आवाजच येईना. मागून आलेल्या एका ट्रकवाल्या काकांनी बोनेट उघडायला लावलं आणि पान्याच्या मागच्या बाजूने पंपाच्या टोपीवर हलकंच ठोकलं, लगेच टिकटिक चालू! वाईपर्यंत अजून दोनदा ठोकावं लागलं.

आता गॅरेजवाला म्हणतो हा एसयू कंपनीचा पंप काढून टाका, इंजेक्शनवाल्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावून देतो, परत बघायला नको. पण आजोबांना ह्याच पंपाचे पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) साफ करताना मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय, त्यामुळे काढायला मन होत नाहीये. दुसरीकडे आईबाबांना घेऊन परत घाटात अडकायचं पण नाही. अजून एक, घरी इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन केली तर दर पाचसहा सेकंदांनी एक टिक पडतो, हे बरोबर आहे का?

नाना_पेठकर
आधी एक सांगतो, इंजेक्शनचा पंप अजिबात लावू नका. त्याचं प्रेशर ३ बारच्या आसपास असतं, म्हणजे ४०च्या वर पीएसआय, आणि तुमचा एसयू जेमतेम दीड पीएसआय देतो. कार्बोरेटर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी फ्लोटची सुई एवढं प्रेशर अडवूच शकत नाही, पेट्रोल ओसंडून बाहेर येणार, आणि मायनरमध्ये कार्बोरेटरच्या बरोबर खाली एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड आहे. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडलं तर काय होईल ते सांगायला नको. गॅरेजवाल्याचा हेतू चांगला असेल, पण त्याला स्पष्ट नाही म्हणा.

टिकटिक_ऐका
नानांशी शंभर टक्के सहमत. ठोकल्यावर पंप चालू होतो म्हणजे पॉइंट खराब झालेत, हे जवळजवळ नक्की समजा. आत काय होतं बघा, कॉइलमध्ये करंट आला की आर्मेचर, म्हणजे पडद्याला जोडलेला लोखंडी तुकडा, पंपातल्या पडद्याला (डायफ्रॅमला) ओढतं आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं, शेवटाला टॉगल (पॉइंट उघडणारी-मिटणारी खटकी) पलटी खातं, पॉइंट सुटतात, करंट तुटतो आणि मग स्प्रिंग पडद्याला ढकलून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवते, की परत पॉइंट जुळतात. हाच तो टिक. दर वेळी पॉइंटवर बारीक ठिणगी पडते, वर्षानुवर्षं पडून पडून एका पॉइंटवर टेंगूळ येतं आणि दुसऱ्यावर खळगा, मग कधी जुळतात कधी नाही.

म्हणून ह्या पंपाचा आजार कानाने ओळखायचा. आवाजच नाही म्हणजे पॉइंट, वायर नाहीतर अर्थ (गाडीच्या बॉडीला केलेली जोडणी). भराभर टिकटिक पण पेट्रोल नाही म्हणजे टाकी रिकामी, किंवा टाकीकडच्या पाइपातून हवा ओढतोय, किंवा उन्हाळ्यात पाइपातच पेट्रोलची वाफ झालीये. आणि तुमचा तो पाचसहा सेकंदांचा टिक बरोबर नाही, फ्लोट चेंबर भरलं की पंप गप्प बसला पाहिजे. एकतर पंपातली व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये किंवा फ्लोटची सुई गळतेय. कार्बोरेटर ओला दिसतोय का ते आधी बघा.

कीट मिळतं, इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला बर्लेन म्हणून आहेत ते अजून एसयूचे पार्ट बनवतात. पॉइंट, पडदा, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळं एकदमच मागवा. बॅटरी सुटी करून मगच काम चालू करा, आणि खाली पांढरं कापड अंथरा कारण पडदा काढला की त्याच्या कडेचे पितळी रोलर घरंगळतात, ते ११ असतात, मोजून ठेवा. व्हॉल्व्हच्या चकत्यांची गुळगुळीत बाजू खाली. पंपाच्या तळाला पितळी जाळी आहे, ती पण काढून साफ करा.

खरी मेख पडदा सेट करण्यात आहे. आर्मेचर आत फिरवत जायचं आणि मधून मधून अंगठ्याने दाबून बघायचं टॉगल पलटतंय का. पलटायचं थांबलं की उलटं फिरवत यायचं, जिथे परत पलटेल तिथलं पडद्याच्या कडेचं जवळचं भोक पंपाच्या भोकाशी जुळवायचं आणि तिथून अजून ४ भोकं मागे, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. इथे घाई केली तर नवीन कीट टाकूनही पंप अर्धवटच चालतो. पडद्याला शेलॅक वगैरे काही लावू नका, कोरडाच बसवायचा.

भोसरी_लेथवाला
वरच्या उत्तरात भर. तुमची गाडी मूळची पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, मधे कोणी बदलली असेल तर माहीत करून घ्या. साधे पॉइंट दोन्हीकडे चालतात, पण डायोडवाला सेट किंवा इलेक्ट्रॉनिक कीट उलटं जोडलं तर जळतं. आणि आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुने रबरी पाइप त्याने फुगतात, आतून सुटतात आणि तोच कचरा जाळीत अडकतो. पंपाबरोबर पाइप पण बदला, पडदा इथेनॉलला चालणारा आहे ना ते विचारून घ्या. जमल्यास पंपाच्या लाइनमध्ये इनर्शिया स्विच टाका, टक्कर झाली तर पंप आपोआप बंद होतो. घरच्यांना घेऊन फिरता म्हणून मुद्दाम सांगतोय.

कोथरूडची_मायनर
सगळ्यांचे मनापासून आभार, कीट आलं आणि काल संध्याकाळी पंप बसवला. पॉइंट अगदी तुम्ही म्हणालात तसे निघाले, टेंगूळ आणि खळगा, आणि जाळीत काळी रबराची भुकटी. रोलर ११ च्या ११ सापडले, एक मात्र कुंडीखाली गेला होता. पडदा पहिल्यांदा चुकला, टॉगल पलटेचना, परत सगळं सोडून भोकं मोजली तेव्हा जमलं. पाइप नवीन टाकलेत, स्विचचं काम पुढच्या आठवड्यात. किल्ली फिरवल्यावर नऊ टिक झाले आणि पंप थांबला, मी पाच मिनिटं घड्याळ लावून कान देऊन उभा होतो, एकही जास्तीचा टिक नाही. वर गॅलरीतून बाबा म्हणाले, झाला रे बरा.